अंगठीच्या गोष्टीत चर्च का नाही?

जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये काय नाही? राजघराणी आहेत, त्यांच्या वंशावळी आहेत, नकाशे आहेत, लेखकाने स्वतः रचलेल्या भाषा आहेत आणि त्या भाषांतली गाणीही आहेत. नाही तो धर्म. हजारावर पानांत एक देऊळ नाही, एक पुजारी नाही, कुणी सणाला उपास धरत नाही. फारामिर या सेनानायकाचे सैनिक जेवणाआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात, उपासनेसारखं दिसतं ते एवढंच. आणि तरीही डिसेंबर १९५३ मध्ये रॉबर्ट मरी या येशूसंघीय (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या) मित्राला लिहिलेल्या पत्रात टोल्कीन म्हणतात की ही कादंबरी मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे; आधी ती नकळत तशी होत गेली, पुनर्लेखनाच्या वेळी जाणीवपूर्वक झाली. म्हणूनच आपण पंथ, विधी, पूजा यांचे उल्लेख कथेतून जवळजवळ काढून टाकले, असंही ते त्याच पत्रात सांगतात. त्यांच्या मते धर्माचा अंश कथेत आणि तिच्या प्रतीकांत मुरला आहे.

ख्रिस्ती श्रद्धा आणि अद्भुतकथा किंवा विज्ञानकथा यांच्या नात्याबद्दल बोलताना बहुतेक लोक प्रतीकांची यादी करू लागतात. हा सिंह म्हणजे येशू, ती भाकर म्हणजे प्रभुभोजन (येशूच्या आठवणीने चर्चमध्ये दिली जाणारी भाकर), तो पांढऱ्या दाढीचा जादूगार मरून परत येतो म्हणजे पुनरुत्थान. यातलं काही खरं असतं, पण अशा यादीतून फार थोडं हाती लागतं. श्रद्धा शोधायची ती कथेच्या चालीत. कोण जिंकतं, कशाच्या बळावर जिंकतं, आणि जो चुकला त्याचं काय होतं, या तीन प्रश्नांची उत्तरं पाहिली की लेखकाचा विश्वास कशावर आहे ते कळतं.

ख्रिस्ती घरात न वाढलेल्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. ख्रिस्ती समजुतीनुसार देवाने सृष्टी निर्माण केली आणि ती चांगली होती. वाईट ही देवाच्या तोडीची दुसरी शक्ती नाही. तिला नवं काही घडवता येत नाही, घडलेलं नासवता मात्र येतं. माणसाने मिळालेलं स्वातंत्र्य वापरून देवाकडे पाठ फिरवली, याला पतन म्हणतात, आणि या पतनातून स्वतःच्या पुण्याईने वर येणं त्याला शक्य नाही. मग देव स्वतः माणूस झाला. धर्माला ग्लानी आली की युगायुगात पुन्हा पुन्हा अवतार, ही आपल्या ओळखीची कल्पना आहे. ख्रिस्ती कल्पना वेगळी आहे: देव एकदाच माणूस झाला, रोमी सत्तेखालच्या पॅलेस्टाइनमध्ये, इतिहासातल्या एका ठरावीक काळात. तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. म्हणजे विजय पराभवाच्या वाटेने आला, आणि माणसाच्या पदरात तो लायकीमुळे पडत नाही, कृपेमुळे पडतो.

आता अंगठीच्या गोष्टीचा शेवट पाहू. (ज्यांनी वाचलेली नाही त्यांची क्षमा मागतो, शेवट सांगितल्याशिवाय हा मुद्दा समजावता येत नाही.) फ्रोडो ती दुष्ट अंगठी ज्वालामुखीत टाकायला शेकडो कोस चालत जातो, आणि अगदी कड्यावर उभा राहिल्यावर हरतो. अंगठी माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो. नायक ऐन क्षणी हरला, असं महाकाव्यात सहसा होत नाही. मग अंगठीच्या हव्यासाने पछाडलेला गॉलम फ्रोडोचं बोट चावून तोडतो, अंगठी घेऊन नाचतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. काम फत्ते होतं, पण नायकाच्या हातून नव्हे.

याला योगायोग म्हणता येणार नाही. गॉलम तिथे पोहोचला, कारण आधी अंगठीचा जुना धनी बिल्बोने, मग फ्रोडोने आणि सर्वांत शेवटी फ्रोडोचा सोबती सॅमने, संधी असूनही, कीव येऊन त्याला जिवंत सोडलं होतं. बिल्बोची ही दया पुढे अनेकांचं भवितव्य ठरवील, असं जादूगार गँडाल्फ पहिल्याच भागात बोलून जातो. १९५६ सालच्या पत्रांत टोल्कीन यांनी या प्रसंगाबद्दल लिहिताना प्रभूच्या प्रार्थनेतल्या ओळींचा आधार घेतला: जसं आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, आणि आम्हाला परीक्षेत आणू नको. फ्रोडोची ताकद संपते तिथे त्याने आधी दाखवलेली दया कामाला येते. पतन, क्षमा आणि कृपा, ही सारी शिकवण या प्रसंगात आहे आणि देवाचं नाव एकदाही येत नाही. परिशिष्टातली तारीख पाहिली तर अंगठी नष्ट होते तो दिवस २५ मार्च आहे. याच दिवशी देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली असं चर्च मानतं, आणि जुन्या परंपरेनुसार क्रुसावरचा मृत्यूही याच तारखेचा. तारखेकडे लक्ष गेलं नाही तरी वाचकाचं काही बिघडत नाही. बोट तुटण्याचा प्रसंग मात्र विसरता येत नाही.

टोल्कीन यांच्यासाठी हा धर्म पुस्तकी नव्हता. त्यांची आई मेबल १९०० साली कॅथलिक झाली, तेव्हा नाराज नातेवाइकांनी तिला मिळणारी पैशाची मदत बंद केली. दोन मुलांना वाढवणारी ती विधवा १९०४ साली मधुमेहाने गेली. तेव्हा इन्सुलिनचा शोधही लागला नव्हता. मुलांचा सांभाळ बर्मिंगहॅमच्या ऑरेटरी या कॅथलिक धर्मसंस्थेतल्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. आईने श्रद्धेसाठी जीव झिजवला, असंच टोल्कीन आयुष्यभर मानत आले. ज्याचा विश्वास इतक्या खोलवरून आलेला असतो त्याला पात्रांच्या तोंडी प्रवचन घालावं लागत नाही, असं मला वाटतं.

१९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं. त्याचा निबंध १९४७ साली छापला गेला. त्यात दोन कल्पना आहेत. एक अशी की माणूस देवाच्या प्रतिमेत घडला, म्हणून त्यालाही जगं घडवावीशी वाटतात. गोष्ट रचणं ही निर्मात्याच्या निर्मितीखालची छोटी निर्मिती. दुसरी म्हणजे सगळं संपलं असं वाटत असताना अचानक येणारं सुखद वळण, जे कमावलेलं नसतं आणि पुन्हा येईल याची खात्री नसते. उत्तम परीकथेची खूण हीच, असं टोल्कीन म्हणतात, आणि निबंधाच्या शेवटी सांगतात की शुभवर्तमानातली कथा या सगळ्या कथांचं सार पोटात घेणारी मोठी परीकथा आहे. फरक एवढाच की ती खरी घडली.

हाच मुद्दा त्यांनी आधी एका मित्राला पटवला होता. सी. एस. लुईस तेव्हा ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकवत. आई लहानपणीच गेली, पहिलं महायुद्ध खंदकांतून पाहिलं, तरुणपणी ते कडवे नास्तिक होते. पुराणकथा मात्र त्यांना वेड लावत. विशेषतः मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या देवांच्या जुन्या कथा वाचताना ते हलून जात, आणि त्या सुंदर पण खोट्या आहेत असंही म्हणत. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री टोल्कीन आणि ह्यूगो डायसन त्यांच्याबरोबर कॉलेजच्या ॲडिसन्स वॉक या पायवाटेवर फिरत होते. बोलणं पहाटेपर्यंत चाललं. मित्रांचं म्हणणं असं की येशूची कथाही पुराणकथेसारखीच मनावर काम करते, पण ही पुराणकथा इतिहासात उतरली. काही दिवसांतच लुईस यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. नुसत्या तर्काने त्यांना तिथवर आणलं नव्हतं. सोळा-सतरा वर्षांचे असताना त्यांनी रेल्वे स्टेशनवरच्या दुकानातून जॉर्ज मॅकडॉनल्ड यांची ‘फँटॅस्टिस’ ही १८५८ सालची अद्भुतकथा विकत घेतली होती. त्या रात्री माझ्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला, असं ते पुढे लिहितात. बुद्धी मागाहून आली.

म्हणूनच ‘नार्निया’च्या सात कादंबऱ्या (१९५० ते १९५६) लिहिताना ते मुलांच्या मनापर्यंत गोष्टीच्या वाटेने जाऊ पाहतात. त्यांचं निरीक्षण असं होतं की देवाबद्दल अमुक वाटलंच पाहिजे अशी सक्ती झाली की काहीच वाटेनासं होतं. चर्चच्या रंगीत काचा आणि मुलांना धर्म शिकवणारी रविवारची शाळा यांचं दडपण काढून घेतलं तर कथा पुन्हा जिवंत होईल का, हा त्यांचा प्रयोग. अस्लान हा सिंह म्हणजे येशूचं रूपक नव्हे, असं ते आग्रहाने सांगत. त्यांचा विचार असा होता: समजा नार्नियासारखं बोलणाऱ्या प्राण्यांचं जग खरंच असतं आणि देवाने तिथे देह धारण करायचं ठरवलं, तर तो कोणत्या रूपात येईल, काय करील? उत्तर मिळालं ते सिंहाचं. एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या लोभाने भावंडांशी दगा करतो, कायद्याप्रमाणे त्याचा जीव चेटकिणीच्या मालकीचा होतो, आणि अस्लान त्याच्या जागी दगडी मेजावर स्वतःचा जीव देतो. त्याची आयाळ कापतात, त्याला बांधतात, त्याची टर उडवतात. क्रूस कधीच न पाहिलेल्या मुलालाही ही पानं वाचताना रडू येतं.

टोल्कीन यांना नार्निया आवडलं नाही. त्यांना ते घाईने जुळवलेलं वाटलं, आणि रूपककथेचा तर त्यांना तिटकाराच होता. माझं मत विचाराल तर पहिली कादंबरी उत्तम आहे, पण नंतरच्या काही ठिकाणी शिक्षकाचा आवाज वर चढतो. त्याहून खटकतं ते कॅलोर्मेन देशाचं चित्र. सावळ्या रंगाचे, पगडीवाले, क्रूर, राक्षसासारख्या देवाला भजणारे लोक. युरोपने पूर्वेकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर इथे तशीच उतरली आहे आणि आपल्याकडच्या वाचकाला ती टोचल्याशिवाय राहत नाही. पण त्याच मालिकेच्या शेवटच्या भागात एमेथ नावाचा एक कॅलोर्मेन तरुण येतो. आयुष्यभर तो दुसऱ्या देवाची प्रामाणिक सेवा करत आला आहे. अस्लानपुढे उभा राहिल्यावर आता आपण संपलो असं त्याला वाटतं, आणि अस्लान त्याला सांगतो की सचोटीने केलेली ती सारी सेवा मी माझीच मानली. अनेक सनातनी ख्रिस्ती वाचकांना हा प्रसंग आजही पचत नाही. लुईस यांनी तो लिहिला, यातून त्यांच्या श्रद्धेची रुंदी कळते.

विज्ञानकथेत प्रश्न जास्त अवघड होतो. अद्भुतकथेचं जग लेखकाचं असतं, नियम त्याचे. विज्ञानकथा मात्र आपल्याच विश्वात घडते. मग देव एकदाच, पृथ्वीवर, माणूस झाला असेल, तर दुसऱ्या ग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचं काय? त्यांचं पतन झालं का? झालं असेल तर त्यांचं तारण कोण करणार? झालंच नसेल तर आपण तिथे जाऊन काय करणार?

लुईस यांनी स्वतःच या प्रश्नाला हात घातला. ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ (१९३८) मध्ये मंगळावर तीन वेगवेगळ्या जाती सलोख्याने नांदतात, कारण तिथे पतन घडलेलंच नाही. बिघडलेली, म्हणून इतर ग्रहांशी बोलणं तुटलेली, आहे ती पृथ्वी. ‘पेरेलँड्रा’ (१९४३) मध्ये शुक्रावरच्या पहिल्या स्त्रीला मोहात पाडायला पृथ्वीवरून एक शास्त्रज्ञ पोहोचतो. बायबलमधल्या पहिल्या स्त्रीपुरुषांनी मना केलेलं फळ खाल्लं ती एदेन बागेतली परीक्षा पुन्हा सुरू होते आणि या खेपेला ती वेगळी संपू शकते. १९५८ सालच्या एका निबंधात लुईस म्हणतात की ग्रहताऱ्यांमधली ही प्रचंड अंतरं म्हणजे देवाने घातलेलं विलगीकरण तर नसेल, असा विचार मनात येतो. आपला रोग इतरांना लागू नये म्हणून. गोऱ्या माणसांनी समुद्रापलीकडच्या लोकांचं जे केलं तेच माणूस तिथेही करील, ही त्यांना खरी धास्ती होती.

पुढच्या लेखकांनी या प्रश्नात वारंवार येशूसंघाचे धर्मगुरू उभे केले. जेम्स ब्लिश यांच्या ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ (१९५८) मध्ये फादर रुईझ-सांचेझ हा जीवशास्त्रज्ञ एका ग्रहावर सरड्यासारखे जीव पाहतो. ते कधी खोटं बोलत नाहीत, भांडत नाहीत, त्यांच्यात गुन्हा नाही आणि देव ही कल्पनाही नाही. देवावाचून निखळ नीती शक्य आहे, हे पटवण्यासाठीच सैतानाने हा ग्रह रचला, असा निष्कर्ष तो काढतो. पण सैतान निर्मिती करू शकतो असं म्हणणं हेच मोठं पाखंड. वाईटाला नवं काही घडवता येत नाही, हे वर सांगितलेलं सूत्रच तिथे मोडतं. ब्लिश स्वतः अज्ञेयवादी होते, तरी श्रद्धावानाची कोंडी त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे रंगवली आहे की पुस्तक मिटल्यावरही डोकं चालू राहतं. आर्थर सी. क्लार्क यांची ‘द स्टार’ (१९५५) ही छोटी कथा त्याहून कठोर. एका ताऱ्याच्या स्फोटात एक सुंदर संस्कृती राख झाली, आणि तेच तेज येशूच्या जन्मावेळी बेथलेहेमच्या आकाशात दिसलं होतं, हे गणित मांडणारा खगोलशास्त्रज्ञ येशूसंघीयच आहे.

सगळ्यांना येशूसंघच का सापडला? कारण अनोळखी भूमीवर उतरून तिथली भाषा शिकणं हे या संघाने सोळाव्या शतकापासून खरोखर केलं आहे, आणि आपल्या दाराशीही केलं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्याला आला, मराठी शिकला, आणि बायबलची कथा त्याने ओवीबद्ध पुराण म्हणून सांगितली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या प्रसिद्ध आहेत. दुसरी बाजूही त्याच भूमीतली. सासष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले, आणि मग पोर्तुगीजांनी बोलणी करायला बोलावलेल्या गावकऱ्यांना ठार केलं. प्रेमाने शिकलेली भाषा आणि तिच्या पाठीमागे उभी असलेली बंदूक, दोन्ही एकाच वेळी खरी.

मेरी डोरिया रसेल यांची ‘द स्पॅरो’ (१९९६) हा इतिहास अवकाशात नेते. कोलंबसच्या प्रवासाला १९९२ साली पाचशे वर्षं झाली, तेव्हा जुन्या प्रवाशांवर होणारी टीका ऐकून त्यांना प्रश्न पडला: आजची शहाणी, सद्हेतूची माणसं तरी अनोळखी जगात उतरून चुका टाळू शकतील का? दुसऱ्या ग्रहावरून गाणं ऐकू येतं आणि येशूसंघ गुपचूप मोहीम पाठवतो. नायक एमिलिओ सांदोझ भाषातज्ज्ञ आहे. लोक प्रेमळ, हेतू निर्मळ. त्यांनी तिथे लावलेल्या साध्या भाजीच्या बागेतून अनर्थ सुरू होतो. एकटा सांदोझ परततो, शरीराने आणि श्रद्धेने मोडलेला. देवानेच इथवर आणलं असेल तर पुढे जे झालं तेही त्यानेच केलं का, हा त्याचा प्रश्न लेखिका सोडवून टाकत नाही. रसेल कॅथलिक घरात वाढल्या, श्रद्धा सोडली आणि पुढे यहुदी धर्म स्वीकारला. बायबलच्या ईयोबाच्या पुस्तकातला, निरपराध असून दुःख भोगणाऱ्या माणसाचा आक्रोश त्यांनी आतून ओळखला असावा असं वाचताना जाणवतं.

या सगळ्यांत मला सर्वांत मोठं वाटतं ते वॉल्टर मिलर यांचं ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’. दुसऱ्या महायुद्धात मिलर अमेरिकी बॉम्बफेकी विमानांत होते. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतला माँते कासिनोचा मठ बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झाला, त्या हल्ल्यात ते सहभागी होते. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापलेला हा मठ. रोमचं साम्राज्य कोसळल्यावर ज्या मठांनी ग्रंथ उतरून काढून जपले त्या परंपरेचं हे मूळ ठिकाण. १९४७ साली मिलर कॅथलिक झाले, आणि पुढच्या दशकात त्यांनी ही एकच कादंबरी लिहून पूर्ण केली. १९६१ साली तिला विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

अणुयुद्धाने जग उद्ध्वस्त झालं आहे. चिडलेल्या जमावांनी विद्वानांना मारलं, पुस्तकं जाळली. वाळवंटातल्या एका मठातले साधू उरलेसुरले कागद जपतात, अर्थ कळत नसतानाही. ब्रदर फ्रान्सिस एका विजेच्या मंडलाच्या आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल करण्यात पंधरा वर्षं घालवतो. शतकं जातात, ज्ञान परत येतं, वीज येते, यानं येतात आणि मग बॉम्बही येतात. इथेही पतनाचीच शिकवण आहे: माणूस शिकतो, पण शिकण्याने सुधारत नाही. शेवटच्या भागात किरणोत्साराने मरू घातलेल्यांना सरकारी छावणीत सुखाने मरण द्यावं की नाही, यावर मठाधिपती झेर्ची डॉक्टरशी वाद घालतो. मिलर त्याला सोपा विजय देत नाहीत. डॉक्टरची करुणा खरी आहे, आईच्या कुशीतल्या पोराच्या यातनेचा प्रश्न खरा आहे, आणि मठाधिपतीचा हट्ट वाचकाला चीड आणतो. मग ढिगाऱ्याखाली अडकून मरणाऱ्या त्याच मठाधिपतीला एक निष्पाप जीव प्रभुभोजन देतो. आयुष्यभर ते देणारा माणूस अखेर घेणारा होतो. यानंतर स्वतः मिलर यांनाही शांती लाभली नाही. १९९६ साली त्यांनी आत्महत्या केली. श्रद्धेच्या बाजूने इतकं ताकदीचं पुस्तक लिहिणारा माणूस अंधारातच राहिला, हे वाचून मन जड होतं, पण त्याने पुस्तकाचा शब्दही खोटा ठरत नाही.

हा सगळा धर्मप्रचार आहे का, असं कुणी विचारील. काही पुस्तकं तशी असतात. अमेरिकेत खास ख्रिस्ती दुकानांसाठी लिहिली जाणारी असंख्य पुस्तकं निष्कर्ष आधी ठरवून निघतात आणि ती साहित्य म्हणून टिकत नाहीत. ज्यांची नावं वर आली ती सगळी श्रद्धेला धोक्यात घालतात. मॅडलिन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’ (१९६२) या मुलांसाठीच्या कादंबरीला दोन डझनांहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला होता. पुढे ती गाजल्यावर काहींना ती फार ख्रिस्ती वाटली, तर काही ख्रिस्ती पालकांनी शाळेच्या ग्रंथालयातून काढायला लावली. त्यांचा राग एका पानावर होता: अंधाराशी लढणाऱ्यांची नावं सांगताना मुलं येशूपासून सुरुवात करतात आणि मग आइन्स्टाइन, गांधी, बुद्ध अशी नावं घेतात. येशूला त्या रांगेत बसवलं म्हणून ते चिडले. मला त्या पानावर लेंगल यांची श्रद्धा निर्धास्त दिसते.

विरोधकांनाही हीच सामग्री लागते. फिलिप पुलमन यांना नार्निया मनापासून नावडतं. त्यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ ही त्रयी (१९९५ ते २०००) पतनाचीच कथा उलटी सांगते. तिथे ज्ञानाचं फळ खाणं हे माणसाचं मोठं होणं आहे. लुईस आणि पुलमन लागोपाठ वाचावेत, म्हणजे वाद नेमका कशावर आहे ते नीट कळतं. हाताशी मुलं असतील तर आधी नार्नियाचा पहिला भाग, त्यांच्याबरोबर मोठ्याने. एकट्याने आणि सावकाश वाचायचं असेल तर मिलर.